पेल्यासकट दीडशे ग्रॅम

३ मार्च, सकाळ

आज सकाळी देवापुढे डोळे मिटून दोन मिनिटं उभा राहिलो, मग दुधाचा पेला उचलला आणि एका दमात रिकामा केला. मर्दासारखा. दूध पोटात जेमतेम टेकलं असेल, तेवढ्यात आल्या वाटेने पण दुप्पट घाईने परत निघालं. मी मोरीपर्यंत पोचलोच असतो. पण मधे बायकोचं शिलाई मशीन आहे आणि मशीनवर गिऱ्हाइकाचा झगा होता.

झगा भिजत घातलाय. बायको बोलत नाही. म्हणजे मनातल्या मनात बरंच बोलतेय.

तीन महिन्यांपूर्वी सर्जनसाहेबांनी माझं पोट कापून मुठीएवढं केलं. वजन कमी व्हावं म्हणून. होतंय. पण एवढ्याशा पोटाला काय चालतं नि काय नाही ते त्याचं तेच ठरवतं. माझा निष्कर्ष: दूध मला सोसत नाही. देवाची तशीच इच्छा दिसते.

५ मार्च

बायकोने हॉस्पिटलात फोन करून माझी तक्रार केली. तिथे जेवणाखाणाचं सांगणारी एक मुलगी आहे. मी तिला मनात आहारताई म्हणतो. तिने मला फोनवर बोलावून घेतलं. म्हणाली, काका, एका दमात प्यालात? दूध आहे ते, पैज नाही. घोट घोट प्यायचं. सकाळी दीडशे ग्रॅम, संध्याकाळी दीडशे, सावकाश, साखर न घालता. अगदीच सोसलं नाही तर मला सांगा, दुसरं काही बघू. शिवाय कॅल्शियमच्या गोळ्या. आणि त्या लोहाच्या गोळीबरोबर घ्यायच्या नाहीत, दोघींचं पटत नाही, मधे दोन तास जाऊ द्या.

मी म्हटलं, कळलं. जावा-जावा.

ती म्हणाली, अगदी तस्सं. आणि काका, दूध अंदाजाने नको हं, मोजून घ्या. घरी काटा आहे का?

घरी काटा आहे का! पंचवीस वर्षं मी वजनकाटे दुरुस्त करतोय. किराणावाल्यापासून सोनारापर्यंत, बाजारातला निम्मा खरेपणा माझ्या हाताखालून गेलाय. नुसतं 'आहे' म्हटलं. ज्ञानाचा गर्व करू नये.

७ मार्च

आजची गोष्ट दुकानातली. मोठ्या काट्यांच्या तपासणीला वीस-वीस किलोची लोखंडी वजनं उचलून ठेवावी लागतात. ते काम माझं. होतं. ऑपरेशनपासून मी कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून स्वयंपाकघरातले चिमुकले काटे साफ करतो आणि मेहुणा वजनं उचलतो. हा मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, दुकानात अर्धा भागीदार आणि बोलण्यात पूर्ण मालक. आज गिऱ्हाइकासमोर म्हणाला, भाऊजी, तुम्ही बसा, हे जड काम आहे.

जड! मी शंभर किलोच्या पुष्कळ वर होतो तेव्हा एका हातात एक वजन घेऊन जिना चढायचो. तेव्हा हा पोरगा माझ्या मागून पिशवी घेऊन यायचा. रिकामी.

सर्जनसाहेबांनी सांगितलंय, जूनमध्ये रक्त तपासू, हाडांचं बघू, सगळं ठीक असेल तर वजनं उचलायची चिठ्ठी देतो. पोट लहान केल्यावर खाल्लेलं नीट अंगी लागत नाही, हाडं पोकळ व्हायची भीती असते म्हणे. आमच्या आईचंच बघा, जानेवारीत न्हाणीघरात पाय घसरला आणि मनगट मोडलं. घराण्यातच आहे ते.

तेव्हा संकल्प: जूनपर्यंत रोज दोन वेळा दूध. देवासमोर बोललो. 'उद्यापासून' असं स्पष्ट म्हटलं नाही, पण देवाला कळलं असेल.

९ मार्च

सुरुवात केली. स्वयंपाकघरात काटा मांडला, त्यावर पेला ठेवला, त्यात दूध ओतलं. दीडशेचा आकडा आल्यावर थांबलो. मग एक विचार आला.

आमच्या धंद्यात रिकाम्या भांड्याचं वजन आधी वजा करतात. रिकामं भांडं काट्यावर ठेवायचं, काटा शून्यावर आणायचा, मग माल ओतायचा. याला म्हणतात धडा करणं. धडा केला नाही तर गिऱ्हाईक डब्याचेही पैसे देतं. आता आहारताईने 'दीडशे ग्रॅम' म्हटलं. धडा करून की न करता, ते म्हटलं नाही. ती शिकलेली मुलगी आहे. तिला म्हणायचं असतं तर म्हणाली असती.

मोठ्या माणसांच्या शब्दात आपण पदरचं काही घालू नये. धडा केला नाही. पेला नव्वद ग्रॅमचा निघाला. म्हणजे दूध साठ. घोट घोट प्यालो. साय बोटाने बाजूला काढली. सायीला मी लहानपणापासून भितो, हे इथे लिहायला हरकत नाही, कारण ही वही दुसरं कुणी वाचत नाही.

दूध आत राहिलं! संकल्प सिद्धीस जातोय.

१० मार्च

पातेल्यात दूध उरतं हा एक प्रश्न आहे. बायको दोन्ही वेळचं मोजून तापवते. उरलेलं दिसलं तर विचारेल.

आई समोरच बसली होती, हाताला पट्टा बांधून. मी म्हटलं, आई, थोडं घेतेस? ती म्हणाली, दे की, विचारतोस काय. तिच्या वाटीत ओतलं. तिने साय बोटावर घेऊन मिटक्या मारत खाल्ली. मी दुसरीकडे बघितलं.

म्हाताऱ्या आईला स्वतःच्या वाटचं दूध देणं याहून मोठी पूजा कुठली? मन प्रसन्न झालं.

१६ मार्च

कॅल्शियमच्या गोळ्यांबद्दल लिहायचं राहिलं. गोळी बटणाएवढी आहे. शर्टाच्या नव्हे, ओव्हरकोटाच्या. चघळून खायची. तोंडात टाकली आणि एकदम गावच्या शाळेत तिसऱ्या इयत्तेच्या बाकावर जाऊन बसलो. तीच चव. खडू! आम्ही सगळी पोरं खडू खायचो. गुरुजी फळ्याकडे वळले की एक तुकडा गालात. त्यापायी मार खाल्लाय आणि आता तोच खडू डॉक्टर स्वतः लिहून देतात.

यावर दुपारभर चिंतन केलं. चौथीपर्यंत मी जवळपास रोज खडू खाल्ला. तो सगळा गेला कुठे? हाडांतच असणार. माझ्याकडे मूळचा साठा चांगला आहे. गोळी एक दिवसाआड पुरेल.

२३ मार्च

गोळ्यांच्या बरणीचं झाकण लहान मुलांनी उघडू नये म्हणून मुद्दाम अवघड केलेलं आहे. दाबून फिरवायचं. मी दाबलं, फिरवलं. दाबून फिरवलं, फिरवून दाबलं. टॉवेलने धरलं. देवाचं नाव घेतलं. शेवटी आई म्हणाली, आण इकडे. डाव्या हाताने कट्कन उघडलं. म्हणाली, अरे, तुझ्या हातात जोर कुठाय?

बरणी मीच सैल करून ठेवली होती, हे तिला सांगितलं नाही. तिला आनंद झाला होता.

६ एप्रिल

मोठा शोध. माळ्यावर आजोबांचा पितळी पेला सापडला. जाड, जुना, हातात घेतला की पूर्वजांचा आशीर्वाद मिळाल्यासारखं वाटतं. काट्यावर ठेवला: सव्वाशे. म्हणजे दूध फक्त पंचवीस! तीन घोट, की काम झालं. आता रोज यातच पिणार. जुन्या वस्तू अशा अडगळीत पडू देऊ नयेत.

बायकोने पेला लखलखीत घासून दिला. म्हणाली, अहो, तुम्हाला दूध आवडायला लागलं की काय? मी काही न बोलता हसलो. मौन हे सर्वांत मोठं सत्य आहे.

९ एप्रिल

आई म्हणते पूर्वी वाटी अर्धी भरायची, हल्ली काठोकाठ भरते. दे दे. मग म्हणते, देव तुझं भलं करो.

आईचा आशीर्वाद. आणखी काय कॅल्शियम हवं?

२० एप्रिल

बायकोने माझ्या पँटी तिसऱ्यांदा आत घेतल्या. एक राहिली, खाकी. ती म्हणाली, ही घालू नका, कमरेत अजून दोघं मावतील. मेहुणा तिथेच बसला होता. म्हणाला, मग दुसरा मी येतो, भाऊजींबरोबर फिरायला जाऊ.

बायको हसली. आई हसली. मी वहीत नोंद केली.

४ मे

पितळी पेल्यापुढे जावं असं वाटलं. माणसाने एका जागी थांबू नये. खलबत्त्याचा खल काट्यावर ठेवून बघितला. खल एकटाच दीडशेच्या कितीतरी पुढे गेला. हिशोब केला: दूध उणे. म्हणजे शास्त्राप्रमाणे मी दूध प्यायचं नसून कुणीतरी मलाच दूध देणं लागतं.

थोडा वेळ आनंद झाला. मग वाटलं, इतकंही बरं नाही. कुठेतरी थांबायला हवं. पितळी पेला तो पितळी पेला.

११ मे

आईचा पट्टा सुटला. आज सकाळी तिने भरलेली कळशी एकटीने उचलली. बायको धावत गेली, आई, अहो आई, ठेवा ती. आई म्हणाली, तू हो बाजूला, मला तरतरी आलीये. दुपारी कपाट भिंतीपासून ओढून मागचा कचरा काढला. कपाट मी परत लोटणार होतो. पाठीत जरा चमक भरली. तिनेच लोटलं.

या वयात असा उत्साह! माझ्या सेवेचं फळ आहे, दुसरं काय.

१८ मे

पाय दुखतात. रात्री पोटरीत गोळे येतात. चपला बदलायला हव्यात.

२ जून

रक्त देऊन आलो. देवाला सांगितलं, तुझ्यावर सोडलंय. आजपर्यंत मी माझ्या बाजूने काही कमी केलेलं नाही.

हे वाक्य लिहिताना पेन जरा अडलं. शाई संपत आली असावी.

४ जून, दुपार

रिपोर्ट आला!!! घरीच उघडला. इंग्रजीत लांबलचक आहे, पण कॅल्शियमची ओळ मला वाचता येते. आकडा सोळा आणे बरोबर! मधल्या रकान्यात, दोन्ही मर्यादांच्या आत, चंद्रबिंदूतल्या टिंबासारखा. खाली आणखी काही आकडे आहेत. एकाच्या पुढे चांदणी छापलीये. छपाई हल्ली फार चांगली करतात.

पंचवीस ग्रॅम दुधात जमलं! उरलेली दुनिया उगीच लिटर लिटर पिते.

साय, खडू, आईची वाटी, सगळ्याचं सार्थक झालं. उद्या दुकानात जाऊन दाखवतो.

५ जून

दुकानात जाऊन दाखवलं.

गिऱ्हाईक होतं, सिमेंटवाला, मोठ्या काट्याची तपासणी. मेहुणा वजन उचलायला वाकला. मी म्हटलं, तू बस, हे जड काम आहे. तो म्हणाला, भाऊजी, चिठ्ठी आली का? मी म्हटलं, रिपोर्ट आलाय, चिठ्ठी म्हणजे आता कागदाचा तुकडा. वीस किलोचं वजन दोन्ही हातांनी धरलं, श्वास रोखला आणि उचललं. उचललं! कमरेच्या वर!

आणि खाली माझी पँट पडली.

खाकी होती. बाकीच्या वाळत होत्या.

दोन्ही हातांत वीस किलो. ठेवावं तर वाकायला हवं आणि वाकावं तर समोर सिमेंटवाला. तो सज्जन माणूस होता, काट्याच्या आकड्याकडे बघत राहिला. मेहुण्याने वजन हातातून घेतलं. लगेच नाही. आधी त्याने विचारलं, भाऊजी, धरू का, की अजून दाखवायचंय?

पण मुद्दा हा की वजन उचललं.

९ जून, हॉस्पिटलातून आल्यावर

सावकाश लिहितो.

सर्जनसाहेबांनी रिपोर्ट बघितला. मी आधीच हसत बसलो होतो. म्हणालो, साहेब, कॅल्शियम एकदम बरोबर. ते म्हणाले, हो, रक्तातलं बरोबर आहे. बरोबर राहणारच. तुम्ही दिलं नाही तर शरीर हाडांतून काढून रक्तात भरतं. ही चांदणी बघा. हाडांतून कॅल्शियम काढायचं काम करणाऱ्या ग्रंथीचा हा आकडा. दुपटीच्या वर गेलाय. सहा महिने तुमची हाडं खरवडली जातायत.

मला एकदम कळलं. दुसऱ्या कुणाला कळलं नसतं इतकं लख्ख कळलं. पंचवीस वर्षं मी काट्याखाली बोट फिरवून बघतोय, पारड्याच्या पोटाशी मेण चिकटवलेलं असतं. वरून आकडा बरोबर आणि खाली लबाडी. कितीतरी दुकानदारांना मी मान खाली घालायला लावलीये. माझ्या पारड्याखाली बोट घालायला मात्र मी विसरलो.

आहारताई आत आली. म्हणाली, काका, दूध किती घेत होतात? मी म्हटलं, तुम्ही सांगितलं तेवढं. दीडशे नि दीडशे.

इथपर्यंत निभावलं असतं. पण शेजारच्या खुर्चीवर आई होती. तिलाही आज हाडांच्या डॉक्टरांनी बोलावलं होतं आणि ते आत्ताच तिचं मनगट वाकवून, दाबून, खूश होऊन गेले होते. आहारताईने तिला कौतुकाने विचारलं, आजी, या वयात इतकं छान भरून आलं, तुमचं गुपित काय? आई म्हणाली, गुपित कसलं ग, मुलगा रोज दूध देतो. दोन वेळा. वाटीभर.

आहारताईने माझ्याकडे बघितलं. मी छताकडे.

आई पुढे म्हणाली, तोही पितो की. पेल्यासकट मोजून.

आहारताई म्हणाली, पेल्यासकट म्हणजे?

मग मला धडा समजावून सांगावा लागला. भांडं, शून्य, माल, सगळं. जितकं सांगत गेलो तितकं ते कमी बरोबर वाटत गेलं. खलाचं सांगितलं नाही. साहेबांनी चष्मा काढला आणि पुसला. बराच वेळ पुसला. मग म्हणाले, तुम्ही काटे दुरुस्त करता ना?

हो म्हटलं.

आहारताईचा चेहरा हसू आवरून लाल झाला होता. म्हणाली, काका, खरं सांगा, तुम्ही पेलाही पिता का?

चिठ्ठी मिळाली नाही. आणखी तीन महिने स्टूल. वजन उचललं तर हाड मोडेल आणि मोडलं तर आईसारखं भरून येणार नाही, असं साहेब स्वच्छ म्हणाले. बाहेर आल्यावर आई म्हणाली, अरे, मला काय माहीत ते तुझ्या वाटचं होतं? मला वाटलं सून माझ्यासाठी तापवते. मी तिचा हात धरला. की तिने माझा धरला, लक्षात नाही. पकड तिची घट्ट होती.

१० जून

देवापुढे उभा राहिलो. काही मागितलं नाही. मागायला तोंड नव्हतं.

बायकोला सगळं सांगितलं. तिने हातातली कात्री खाली ठेवली. म्हणाली, अहो, नुसतं सांगितलं असतंत, की साय नको, तर मी गाळून दिलं असतं.

गाळून! दूध गाळता येतं हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

मेहुण्याला बायकोने सांगितलं असणार, कारण आज तो येऊन माझ्या स्टुलाशेजारी दुसरं स्टूल ओढून बसला आणि एकही विनोद न करता दोन काटे साफ केले. जाताना म्हणाला, भाऊजी, तुम्ही लवकर बरे व्हा हो. एकट्याने उचलून माझी पाठ गेली. मग दारातून मागे वळून म्हणाला, पण खाकी पँट घालू नका.

११ जून

आजपासून नीट सुरुवात करणार होतो. पण सकाळी आईने मोकळी वाटी घेऊन माझ्याकडे बघितलं. तिची वाटी भरेपर्यंत दूध संपलं.

उद्या.

१२ जून, सकाळ

बायकोने दूध वाढवून घेतलंय, आईचं वेगळ्या पातेल्यात. आईने तरीही माझ्या पातेल्यात डोकावून बघितलं. म्हणाली, तुझ्या दुधावर साय जास्त आलीये रे. बायकोने ती साय गाळणीने काढून आईच्या वाटीत टाकली. तिचं भागलं, माझीही सुटका झाली.

पितळी पेला काट्यावर ठेवला. सव्वाशे. बटण दाबलं. शून्य. धडा केला. मग दूध ओतत गेलो. किती ओतावं लागलं! पेला भरत आला तरी आकडा पुढेच सरकत होता. आई म्हणाली, हे तर बरंच असतं की रे.

बसलो. एक घोट. थांबलो. दुसरा. बायको मशीन बंद करून दारात उभी होती, झगा आधीच बाजूला ठेवून. पोटाने दोनदा हालचाल केली, विचार केला, मग गप्प झालं. गाळलेलं दूध म्हणजे कोमट, पांढरं, साधं काहीतरी असतं. एवढ्याला मी तीन महिने भीत होतो.

गोळी दोन तासांनी. बरणी आईने उघडून दिली.

दीडशे ग्रॅम दूध प्यालो. पेला प्यालो नाही.